पोरांनीच भरवलेला बायोफिजिक्सचा सिम्पोजियम, जाऊन आले, खूप आवडला

मागच्या शनिवारी पुण्यात एका युनिव्हर्सिटीत पीएचडीच्या पोरापोरींनी मिळून बायोफिजिक्सचा (म्हणजे सजीवांमागचं फिजिक्स) एक दिवसाचा सिम्पोजियम, म्हणजे टॉक्सचा कार्यक्रम, ठेवला होता. मी मायक्रोबायॉलॉजीची, बारावीनंतर फिजिक्सचं पुस्तक उघडलेलं नाही, त्यामुळे जाऊ का नको चाललं होतं, पण मैत्रिणीने परस्पर माझा फॉर्म भरला आणि बरं झालं भरला.

सगळ्यात भारी मोटर प्रोटीनवालं सेशन, म्हणजे पेशीत सामान ओढून नेणारी प्रोटीनं. पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूलवर (बारीक नळ्यांचे रस्तेच ते) कायनेसिन नावाचं मोटर प्रोटीन चालतं हे आम्ही आकृतीसकट पाठ केलेलं, पण इथे फिजिक्सच्या एका मुलाने सांगितलं की कायनेसिनचं एक पाऊल 8 नॅनोमीटरचं असतं, दर पावलाला एटीपीचा (पेशीचं इंधन) एक रेणू खर्च, आणि हे मोजतात कसं तर लेझरच्या झोतात बारीकसा मणी पकडून ठेवायचा, मोटर तो ओढते, मणी किती सरकला त्यावरून जोर कळतो. ह्याच ऑप्टिकल ट्वीझर्ससाठी आर्थर अ‍ॅश्किनना 2018 चं नोबेल मिळालं. मग म्हणाला, पेशीत रस्सीखेच चालते, कायनेसिन एकीकडे ओढतं आणि डायनीन हे दुसरं मोटर प्रोटीन उलट दिशेला, एकटं डायनीन तसं कमजोर पण गटाने लागलं की जोर वाढत जातो, आणि हे आपल्या मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या ग्रुपने दाखवलंय, 2013 चा पेपर आहे. इतकी वर्षं मुंबई-पुण्यात राहून मला हे माहीतच नव्हतं!

अजून एक, प्रत्येक टॉकनंतर पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांनीच विचारायचे असा नियम होता आणि सगळे सर-मॅडम खरंच थांबत होते. म्हणून माझी हिंमत झाली, विचारलं की लेझरने पेशी भाजत नाही का. तर त्या फिजिक्सच्या मुलाने नीट समजावलं, त्यासाठीच 1064 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड घेतात, पेशी तो फार शोषत नाही, तरी थोडं तापतंच, पॉवर सांभाळावी लागते. कुणी हसलं नाही.

एकच तक्रार, विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे पोस्टर ठेवले जेवणाच्या सुट्टीत आणि तेही अरुंद पॅसेजमध्ये, हातात ताट घेऊन कोण काय वाचणार, ज्यांनी रात्र रात्र जागून पोस्टर केले त्यांच्यासाठी वाईट वाटलं. आयोजकांपैकी कुणी हे वाचत असेल तर प्लीज पुढच्या वेळी पोस्टरला वेगळा तास द्या, मोठा हॉल द्या, मी ज्युनिअर्सना पण घेऊन येते.