सीलबंद कॅनमध्ये नकली ऑइल: माझे ४९,९८० रुपये असे गेले

आकडा आधी सांगतो. ४९,९८० रुपये. दोन कॅन ऑइलचे २,९००, फिल्टर १४५, वॉशर १५, कसाऱ्याहून नाशिकला गाडी टो करून आणली त्याचे ३,२००, इंजिनकाम ४१,३६० आणि ऑइल नकली आहे हे कागदावर आणण्यासाठी लॅबला भरलेले २,३६०. शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त बोचतो. लॅबने जे सांगितलं ते मला त्या रविवारी संध्याकाळी हाताला कळलं होतं आणि तरीही मी ते ऑइल इंजिनात ओतलं.

मी नवखा नाही. गाडी २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट आणि २०१८ पासून तिचं ऑइल मी स्वतः बदलतो. कारण तेव्हा सर्व्हिसवाल्यांनी मला चार लिटरचं बिल लावलं होतं. या इंजिनात फिल्टरसकट तीन लिटरच्या थोडं वर ऑइल जातं. वर फिल्टरही जुनाच, फडक्याने पुसलेला. त्या दिवशी ठरवलं, आपलं इंजिन, आपला हात. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करायचं, चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट काढून पूर्ण निथळू द्यायचं, वॉशर दर वेळी नवा, फिल्टरच्या रबराला बोटभर ऑइल लावून तो हातानेच आवळायचा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून मी कधी खाली शिरलो नाही, स्टँड लावतो, तुम्हीही लावा. एवढी काळजी घेणारा माणूस फसला तो कॅनच्या झाकणापाशी.

दुकान चार वर्षांच्या ओळखीचं. तो म्हणाला, "साहेब, डीलरकडून स्कीमचा माल आलाय. २,१९० चा कॅन तुम्हाला १,४५० ला देतो. बिल तेवढं मागू नका." मी दोन घेतले, एक आता, एक पुढच्या वेळेला. फिल्टर-वॉशरची १६० रुपयांची पावती त्याने नीट फाडून दिली. ऑइलचे पैसे मात्र दुसऱ्या क्यूआरवर टाकायला लावले. तिथे दुकानाचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. तुम्ही म्हणाल, इथेच ओळखायला हवं होतं. हो. पण चार वर्षं त्याने मला एकदाही वाईट माल दिला नव्हता आणि बिल नको म्हणणारे दुकानदार रोज भेटतात. पावती न देता दुसऱ्या नंबरवर पैसे मागितले की माल तिथेच ठेवून बाहेर पडा. ओळख गेली तरी चालेल.

आता तो क्षण. रविवार, संध्याकाळचे साडेसहा. जुनं ऑइल टबात निथळलेलं, नवा फिल्टर लावलेला, बोल्ट आवळलेला. आठवीतली मुलगी टॉर्च धरून उभी. नवा कॅन उघडताना झाकण फिरवलं की खालची रिंग तुटते, 'कट्ट' असा आवाज येतो आणि रिंग गळ्यातच राहते. हे मी तिला लहानपणापासून दाखवलंय, तिला तो आवाज आवडतो. त्या दिवशी झाकण रिंगसकट अलगद वर आलं. मुलगी म्हणाली, "पप्पा, याचं कट्ट नाही वाजलं."

मी म्हणालो, "टॉर्च सरळ धर."

ते तीन शब्द मला अजून झोपू देत नाहीत. झाकणाखालचं फॉइल एका कडेला सुरकुतलेलं होतं, इस्त्रीचा चटका बसल्यासारखं. वास घेतला तर रॉकेलची झाक. सगळं दिसलं, सगळं कळलं. पण इंजिन रिकामं, दुकानं बंद आणि सकाळी सातला अंबडला पहिली शिफ्ट. मनाने उत्तर तयार केलं, पॅकिंग बदललं असेल. आणि ओतलं. अशा वेळी गाडी रिकामी तशीच उभी ठेवा, बसने कामावर जा, नाहीतर रजा टाका. एका दिवसाची रजा ४१,३६० पेक्षा स्वस्त असते.

पुढचं लवकर सांगतो. महिन्याभरात सकाळी सुरू करताना टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, टकटकाट. डिपस्टिकवर ऑइल पाण्यासारखं पातळ आणि काळं. तरी मी "नंतर बघू" म्हणत राहिलो. ते ऑइल ओतल्यापासून २,३०० किलोमीटरला, कसारा घाट उतरून थांबलो असताना आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. इंजिन लगेच बंद केलं, म्हणून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, वाचला. लाल दिवा दिसला की "घरापर्यंत जाईल" म्हणू नका, जागीच चावी फिरवा. गॅरेजवाल्याने चेंबर उतरवला, जाळीवरचा काळा गाळ बोटावर घेऊन मला दाखवला आणि म्हणाला, "काका, हे ऑइल नव्हतंच." बेअरिंगवर चरे, कॅमशाफ्टही खरडलेला.

घरी येऊन दोन्ही कॅन शेजारी ठेवले. कोडच्या स्टिकरवरचा नंबर प्रत्येक कॅनला वेगळा असायला हवा. दोन्हींवर एकच. हे दुकानात उभं राहून दहा सेकंदांत दिसलं असतं. दोन कॅन घेत असाल तर आधी हे पाहा. दुसरा कॅन न उघडलेला होता, तो तसाच लॅबला दिला. कॅनवर लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० या ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स यायला हवा. माझ्या कॅनचा आला ६.८.

एवढा पुरावा हातात आल्यावर मला वाटलं होतं, आता कुणीतरी ऐकेल.

चौकीत पहिला प्रश्न, "ऑइल तुम्हीच टाकलं ना? मग गाडी तुम्हीच बिघडवली." रिपोर्ट पुढे केला तर म्हणे हा ट्रेडमार्कचा विषय, कंपनीला तक्रार द्यायला सांगा. घरी येऊन कायदा वाचला. ट्रेडमार्कच्या प्रकरणात छापा-जप्तीला उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, हे खरंय. पण माझी तक्रार ट्रेडमार्कची नव्हतीच, पैसे घेऊन खोटा माल दिल्याची होती. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम आहे, त्यासाठी कंपनी कशाला लागते? चार वेळा गेलो. साहेब बंदोबस्ताला, साहेब मीटिंगला, साहेब कोर्टात. शेवटी साध्या अर्जावर पोच मिळाली, तीही मी दोन तास बाकावरून उठलो नाही म्हणून.

वैधमापनवाले, म्हणजे वजनमापं तपासणारं सरकारी खातं, म्हणाले, माप साडेतीन लिटर भरतंय ना, मग दर्जा आमच्याकडे येत नाही. ऑइल कंपनीने फोटो मागितले, आठ पाठवले. "संबंधित विभागाकडे पाठवलं आहे" एवढंच उत्तर, आज ४७ दिवस झाले. अरे, तुमच्या नावाने बाजारात विष विकलं जातंय आणि तुम्हाला फोन करायला सवड नाही? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक लगेच मिळाला आणि तेवढ्याच झटपट तक्रार बंद झाली, कारण विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. म्हणजे ज्याने फसवलं त्याने गप्प बसायचं आणि फाइल मिटवायची. दुकानदाराला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, "तो क्यूआर आमचा नाही साहेब, ऑइल तुम्ही दुसरीकडून घेतलं असेल." जिथे जाईन तिथे मीच आरोपी. प्रत्येकाने विचारलं, पावती कुठे, स्वस्त का घेतलं, स्वतः का बदललं. त्याने हे कॅन कुठून भरून आणले, हे एकानेही विचारलं नाही.

ते कॅन कुठून येतात हे मला नंतर उमगलं आणि अंगावर काटा आला. सहा वर्षं मी माझे रिकामे कॅन झाकणासकट, लेबलसकट भंगारवाल्याला दहा-दहा रुपयांना दिले. चांगला धुतलेला खरा कॅन लागतो कुणाला? भरणाऱ्यालाच. आता कॅन संपला की मी बुडाला ड्रिलने भोक पाडतो, लेबल आणि कोड खरवडतो, झाकण कापतो, मगच देतो. हे आजपासून करा. गॅरेजमध्ये ऑइल बदलत असाल तरी रिकामा कॅन मागून घ्या आणि तिथेच फोडा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं. कायद्यात निकालाला तीन महिने दिलेत, मालाची तपासणी लागली तर पाच. पहिली तारीख पुढे गेली, दुसरीला समोरचा आला नाही. दोन्ही कॅन, फॉइलचा तुकडा, लॅबमधून परत आलेलं ऑइल, सगळं पिशवीत बांधून कपाटावर ठेवलंय.

नाशिकमध्ये मागच्या वर्षभरात स्कीमचा माल म्हणून बिलाशिवाय साडेतीन लिटरचा कॅन घेतला असेल तर तो फेकू नका. स्टिकरवरचा नंबर बघून मला कळवा. माझ्या नंबरशी जुळला तर एकाच प्रश्नावर अनेक ग्राहकांना मिळून तक्रार करता येते, कायद्यात तशी सोय आहे. पुढच्या तारखेला मला एकट्याला उभं राहायचं नाहीये.