इम्पोर्टेड फ्लाय थ्रेड म्हणून एम्ब्रॉयडरीचा धागा गळ्यात मारतायत, सांभाळा

मुंबईत फ्लाय बांधणारे लोक तसे बोटावर मोजण्याइतके, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर या माणसाचा मेसेज येऊन गेला असणार म्हणून लिहितोय. नाव देत नाही, कारण नाव तो बदलत असतो, त्यामुळे देऊन उपयोग पण नाही. पद्धत मात्र तीच असते, ती सांगतो.

ज्यांना फ्लाय म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, गळावर पिसं, केस, चमकी बांधून मासे पकडायला बारक्या माशाचा किंवा किड्याचा भास तयार करायचा, ती फ्लाय. आणि ते सगळं टिकतं धाग्याच्या ताणावर. गाठ अशी फक्त शेवटी मारतात, बाकी नुसते वेढ्यावर वेढे. म्हणजे धाग्याने दगा दिला की सगळा खेळ खल्लास. आपल्याकडे तंगूस, गळ, शिसं पाहिजे तेवढं मिळतं पण फ्लायचा धागा मागितला की दुकानदार तोंडाकडे बघत बसतो, आणि बाहेरून मागवायचा तर कुरियर प्लस कस्टम ड्युटी मिळून धाग्यापेक्षा खर्च जास्त. नेमके याच फटीतून हे लोक आत घुसतात.

तर याची लाईन अशी की "माझा भाऊ परदेशात असतो, येताना बॅगेतून आणतो, म्हणून स्वस्त." फोटो एकदम झकास, ओळीने लावलेले पारदर्शक स्पूल, वीस-बावीस रंग, प्रत्येकावर छोटं स्टिकर. काहींवर ६/०, ७० डेनियर (दोन्ही धाग्याच्या जाडीची मापं, पुढे सांगतो), आणि काहींवर जीएसपी, म्हणजे जेल स्पन पॉलिथिलीन, जो धागा सगळ्यात ताकदीचा धरतात. साधा स्पूल साडेचारशे, जीएसपी सातशे. पैसे आधी यूपीआयने, आणि माल दादरच्या पुलावर हातात, तोही संध्याकाळच्या गर्दीत, की उघडून बघायला उभं राहायची सोय नाही. बिल मागितलं तर "अरे भाई आपण हॉबीवाले, बिल काय घेऊन बसलात." मी दोन्ही प्रकारचे घेतले.

घरी आणून बांधायला बसलो तर बांधताना काही कळत नाही, हेच तर वाईट आहे. कोरडा धागा छान चालतो, चमकतो पण मस्त. क्लाउझर बांधले, म्हणजे गळाच्या दांडीवर डंबेलसारखे दोन जड डोळे आणि वरखाली हरणाच्या शेपटीचे केस, समुद्रासाठी बेस्ट. वर्सोव्याच्या खडकांवर भरतीला गेलो आणि थोड्याच वेळात डोळे दांडीभोवती गोल फिरायला लागले, मग केसांचा झुपकाच निघून आला, आणि पांढऱ्या केसांवर लाल रंग उतरलेला ते वेगळंच. मासा राहिला बाजूला, नुसता पाण्यात फेकून ओढून ही अवस्था.

त्याला फोटो पाठवले. आता उत्तर बघा. "सर तुमचा धाग्यावरचा ताण कमी पडतोय, नवीन लोकांचं असंच होतं, तुम्ही माझ्याकडून हेड सिमेंट घ्या, हेडवर दोन कोट मारा." (हेड सिमेंट म्हणजे फ्लायच्या तोंडावरच्या शेवटच्या वेढ्यांवर लावायचं वार्निशसारखं.) म्हणजे आधी खोटा धागा विकायचा, तो सुटला की गिऱ्हाइकाच्या हाताला नावं ठेवायची, आणि वर बाटली विकायची! मला खरा राग याचा आहे. नवीन शिकणारा पोरगा असेल तर तो बिचारा हेच धरून बसेल की आपल्याला जमत नाही, आणि व्हाइस (बांधताना गळ पकडून ठेवणारा शिकंजा) वगैरे सगळं विकून टाकेल. मी आणखी विचारलं तर सरळ ब्लॉक.

भांडं फोडलं आमच्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या ब्लाउजवर मशीनचं एम्ब्रॉयडरी काम करतात, लालबाग-परळमधल्या अर्ध्या लग्नांचे ब्लाउज त्यांच्याकडे असतात. काही कामाने आल्या आणि टेबलावरचा लाल स्पूल उचलून म्हणाल्या, "हा कुठून आणलास रे? हा तर आमचा रेशीम." मी म्हटलं, "काकू, तो बाहेरून आलाय, साडेचारशेचा आहे." त्या हसायलाच लागल्या. घरातून त्यांचा कोन घेऊन आल्या, खिडकीच्या उजेडात दोन्ही धागे शेजारी शेजारी धरले, तोच लाल, तीच चमक, आणि दोन्हीत दोन पदर एकमेकांत पिळलेले. कोनाच्या आत चिकटवलेल्या कागदावर छापलेलं, रेयॉन, १२० डी बाय २. मग त्यांनी माझ्या स्पूलचं एक टोक पाण्यात बुडवलं, दोन बोटांत धरून ओढलं, टक्. "ओला झाला की याच्यात दम राहत नाही. ब्लाउज घासून धुवू नका असं मी गिऱ्हाइकाला उगाच सांगते का?"

आणि हे खरंच आहे, रेयॉन भिजला की त्याची ताकद एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होते. पॉलिस्टरचं असं होत नाही, नायलॉन थोडं पाणी पितो पण इतका ढेपाळत नाही. एम्ब्रॉयडरीचा धागा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां, शिकताना पॉलिस्टरचा वापरा की बिनधास्त, पण तो त्याच्या भावाने घ्या.

मला तरीही आकड्याने खात्री करायची होती. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन, ग्रॅममध्ये. म्हणजे ९० मीटरचं वजन गुणिले १०० केलं की डेनियर हातात. चाळीच्या गॅलरीत तीन मीटरवर दोन खांब आहेत, त्यांच्याभोवती १५ वेढे मारले की झाले ९० मीटर. (येणाजाणाऱ्यांनी पतंगाचा मांजा करतोय का विचारून डोकं खाल्लं.) ती गुंडी नेऊन ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवली. ७० डेनियरचा असता तर ०.७ ग्रॅम भरायला हवा होता, भरला २.४ च्या आसपास. १२० चे दोन पदर म्हणजे २४०, हिशोब बरोबर जुळला. तिपटीहून जास्त डेनियरचा धागा ७० म्हणून विकलेला.

आता ते ६/० चं पण सांगतो कारण तिथे भलेभले गंडतात. शून्यांचा आकडा जितका मोठा तितका धागा बारीक एवढंच, पण हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लावते. डॅनव्हिलचा ६/० हा ७० डेनियरचा आणि युनिचा ६/० साधारण १३६ चा, म्हणजे नाव एक आणि डेनियर जवळपास दुप्पट. त्यामुळे कोणी नुसतं ६/० लिहून विकत असेल तर कंपनी कुठली आणि डेनियर किती हे विचारायचंच. ढोबळ मानाने, हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर वगैरे ट्राउट माशासाठी जाणार असाल तर बारक्या फ्लायला ७०, आणि आपल्या खाडी-समुद्रात जिताडा, रावस, तांबोशीसाठी मोठे गळ असतात तिथे १४० किंवा २१०.

जीएसपी म्हणून दिलेला सातशेवाला स्पूल पण तोच रेयॉन निघाला, आणि ते ओळखणं तर अजून सोपं. एक तर पॉलिथिलीनवर रंग नीट बसत नाही, म्हणून असली जीएसपी जास्त करून पांढरी नाहीतर फिकट दिसते, हा भडक केशरी घेऊन आला होता. दुसरं, असली धागा हाताने तोडायला गेलात तर बोट कापेल पण तो तुटणार नाही, साध्या कात्रीने पण नीट कापला जात नाही. तिसरं, तो पाण्यापेक्षा हलका असतो, ग्लासात बुडवून बोटाने खाली दाबा, सोडला की वर येतो. माझा तळाला जाऊन बसला. आणि काडी लावली तर रेयॉन कागदासारखा जळतो, वास पण जळक्या कागदाचा, मागे भुरभुरीत राख. नायलॉन, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतात, जीएसपी पण ज्योतीजवळ नेताच आक्रसून वितळते. वीतभर धाग्यात हे सगळं होतं, पुलावर उभ्या उभ्या ओला करून ओढायला तर दहा सेकंद पण लागत नाहीत. समोरचा ओढू देत नसेल तर पुढच्या ट्रेनने घरी.

अजून एक, पाकीटबंद इम्पोर्टेड मालावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला, एमआरपी, महिना-वर्ष हे छापलेलं असावंच लागतं, २०११ चे लीगल मेट्रॉलॉजीचे नियम आहेत. बॅगेतून आणलाय म्हणून स्टिकर नाही, हे उत्तर गोड वाटतं, पण धंदा म्हणून विकायचा तर तसं चालत नाही.

मी १९१५ वर, म्हणजे नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये, डॉकेट नंबर आलाय, पुढे काय होतं बघू. यूपीआयचे पैसे गेलेत म्हणून १९३० वर, म्हणजे सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर पण फोन केला, तिथे ट्रान्झॅक्शन नंबर मागतात तो हाताशी ठेवा. परवा एका मित्राला त्याच फोटोंचा मेसेज दुसऱ्याच नंबरवरून आलाय, भाव पाचशे केलाय आणि आता म्हणे मामा परदेशात असतो. कोणाकडे हा माल असेल तर रागाच्या भरात फेकून देऊ नका, स्पूल, स्टिकर आणि चॅट जपून ठेवा आणि आपापली तक्रार नोंदवा, एकट्याच्या साडेचारशे रुपयांसाठी कोणी हलत नाही.