नांदूरमधमेश्वरला भाड्याची २००-५००

निकॉनची २००-५०० मिमी एफ ५.६ ही लांबचं टिपणारी झूम लेन्स नाशकातून भाड्यानं घेतली आणि नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यातला चापडगावचा निरीक्षण मनोरा गाठला. वजन २.३ किलो, मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, हवाच. पण डी ७५०० कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे त्यावर ती ७५० मिमीएवढी पोच देते. जांभळ्या पाणकोंबडीची लालभडक चोच, शेकाट्याचे गुलाबी पाय, ५०० मिमीला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ठेवून सगळं लख्ख आलं. सकाळी लवकर जा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग कुठलीही लेन्स हात टेकते.

कांदा काढणाऱ्या बायांसाठी मात्र ही तोफ नको. चोरून टिपल्यासारखं वाटतं. तिथं माझी छोटी ३५ मिमी लेन्स, जवळ जाऊन, आधी विचारून, बांधावर बसून. ‘आमचा कसला फोटो, कांद्याच्या भावाचा काढा,’ एक मावशी म्हणाल्या.

दुकानात आधारकार्ड न्या, डिपॉझिटही लागतं.