इंजिन बदललेल्या गाडीत आठ महिने ओबीडी स्कॅनर आणि मल्टीमीटर: वापरानंतरचा अनुभव

जुन्या गाडीत त्याच घराण्यातलं थोडं नवीन इंजिन बसवलं, वायरिंग मात्र जुनंच ठेवलं. पहिल्या दिवसापासून चेक इंजिनचा दिवा लागलेला. तेव्हा घेतलेला ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या निदान-सॉकेटला लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं उपकरण) आणि साधा डिजिटल मल्टीमीटर आजही गाडीतच असतो. आठ महिन्यांत कोड, म्हणजे बिघाडाचे ठरावीक क्रमांक, वाचण्यासाठी स्कॅनर फारसा लागला नाही. खरा उपयोग झाला तो लाइव्ह डेटाचा, म्हणजे गाडी चालू असताना बदलणारे आकडे बघण्याचा.

पहिला कोड पी ०११८, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमान सेन्सरचं सर्किट. स्क्रीनवर कूलंटचं तापमान उणे ४०. हा आकडा दिसला की सेन्सरचं सर्किट तुटलंय असं धरायचं. या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत वाढतो, त्यामुळे वायर सुटली की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कडाक्याची थंडी वाटते. कपलर नुसता टेकवलेला होता, लॉक बसलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम.

पुढचा बिघाड मात्र तीन आठवडे पुरला. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की तापमान उतरायचं सोडून आकडा एकदम ९४ वरून १०१ वर जायचा, आणि पंखा बंद होताच परत खाली. मी सेन्सर बदलला, तरी तेच. एकदा नुसता आकड्याकडे बघत बसलो तेव्हा लक्षात आलं, पाणी एका सेकंदात सात अंशांनी तापूच शकत नाही. तापमान बदलत नव्हतं, मोजणाऱ्या सर्किटचं अर्थिंग हलत होतं.

मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरला, आणि सोबतच्याला सेल्फ (स्टार्टर) मारायला सांगितला. ०.८ व्होल्ट. तिथे ०.२ च्या आत असायला हवं. माझ्या गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला आहे आणि तिथून एक पट्टा इंजिनला जातो. इंजिन बसवताना तो पट्टा रंगवलेल्या ब्रॅकेटवर आवळला होता. वरून बघाल तर बोल्ट घट्ट, पट्टा नवा, सगळं ठीक. खोलल्यावर दिसलं की बोल्टच्या आट्यांपुरताच धातूला धातू लागलाय, बाकी सगळा रंग. सँडपेपरने चकचकीत घासून परत आवळलं आणि मोजलं तर ०.१. पंख्याबरोबरची ती उडी कायमची गेली. मधूनमधून येणारे आणखी दोन कोडही पुन्हा आले नाहीत. इंजिन बदललंय त्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, एकही सेन्सर विकत घेण्याआधी हे एक माप घ्याच.

तिसऱ्या महिन्यात गाडी अर्धा तास चालली की बंद पडू लागली. थंड झाली की परत सुरू. कोड पी ०३३५, क्रँक सेन्सरचं (इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरचं) सर्किट. बंद पडल्या जागीच स्कॅनर लावून सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पण स्क्रीनवर आरपीएम शून्य. एरवी सेल्फ मारताना दोनशेच्या आसपास दिसतो. म्हणजे सिग्नल ईसीयूपर्यंत पोचतच नव्हता. नव्या इंजिनात हा सेन्सर थोडा पलीकडे आहे, त्यामुळे वायर ताणून एक्झॉस्टजवळून नेलेली. तिथलं इन्सुलेशन मऊ होऊन तांबं उघडं पडलं होतं. वायर वाढवून लांबून वळवली, उष्णतेची स्लीव्ह चढवली. सेन्सर अजून तोच आहे.

पी ०१७१ ला, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडण्याच्या कोडला, वेळ लागला नाही. स्लोवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करत असलेली वाढ-घट, अधिक १८ टक्के, रेस २५०० आरपीएमवर धरली की अधिक ४. बाहेरची हवा आत शिरत असेल तर असंच दिसतं, कारण स्लोला एकूण हवा कमी आणि त्यात चोरीच्या हवेचा वाटा मोठा. इनटेकचं जुनंच गॅस्केट परत वापरलं होतं.

आता स्कॅनरच्या उणिवा. एकाच वेळी सहासात आकडे लावले की तो इतका हळू होतो की क्षणभराचा खंड निसटतो. संशय असेल तेव्हा दोनच आकडे लावा. क्रँक सेन्सरची लाट बघायची तर ऑसिलोस्कोपच लागतो, इथे स्कॅनरही नाही आणि मल्टीमीटरही नाही. माझा स्कॅनर इमोबिलायझरही (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणारी चोरीरोधक यंत्रणा) वाचत नाही. नवा ईसीयू टाकला आणि गाडी सुरू होऊन एकदोन सेकंदांत बंद पडत असेल, तर चावी आणि ईसीयूची जुळणी करणारं वेगळं उपकरण शोधावं लागेल. स्कॅनर जोडलाच जात नसेल तर बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. कॅन वायरिंग (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या दोन तारा) असलेल्या बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या जवळपास येतो. १२० आला तर टोकाच्या दोन रेझिस्टरपैकी एक साखळीतून सुटलाय.

कोड पुसण्याआधी स्कॅनरवर दिसणाऱ्या फ्रीझ फ्रेमचा (कोडबरोबर साठवलेल्या नोंदीचा) फोटो काढून ठेवा. बिघाड झाला त्या क्षणीचं तापमान, आरपीएम, लोड त्यात असतं आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं. आणि काम झालं की स्कॅनर सॉकेटमधून काढा. १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा सप्लाय कायम असतो. स्कॅनर लावलेलाच ठेवून माझी गाडी दोन आठवडे उभी होती तेव्हा बॅटरी पार उतरली होती.