जर्मन ए१ झालं, ए२ अर्ध्यावर: क्लासचा अनुभव

पुण्यातल्या एका खासगी क्लासला गेले काही महिने जर्मन शिकायला जातोय. ए१, ए२, बी१ या भाषेच्या चढत्या पातळ्या. नाव मुद्दाम देत नाही. फी, जागा, पार्किंग सगळं ठीकठाक. पैसे वसूल होतात की नाही, ते वर्गात कोण किती बोलतं यावर ठरतं.

ए१च्या मॅडम पहिल्या दिवसापासून जर्मनच बोलायच्या. हातवारे, फळ्यावर चित्रं, फारच अडलं तर मराठीत एखादं वाक्य. खरी हातोटी चुका सुधारण्यात. शेजारची मुलगी एकदा चुकून म्हणाली, ‘इश हाबे आइन ब्रूडर’ (मला एक भाऊ आहे). मॅडम ‘इश हाबे...’ एवढंच म्हणाल्या आणि मार्कर हातात धरून थांबल्या. मागून कोणीतरी उत्तर सांगायला लागलं, त्याला नुसत्या हाताने गप्प केलं. ती दोनदा पुटपुटली आणि मग तिचं तिलाच आलं, ‘आइनेन ब्रूडर’.

ए२चे सर विद्वान आहेत, जर्मनीत राहून आलेत. त्यांच्याकडे हीच चूक झाली की ते हसून विचारतात, ‘आ, दू हास्ट आइनेन ब्रूडर?’ (अच्छा, तुला भाऊ आहे?) पोरगा ‘या, या’ (हो, हो) म्हणतो आणि गाडी पुढे. त्याला वाटतं सर भावाची चौकशी करताहेत! कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत लिस्टर आणि रांटा या अभ्यासकांना हेच दिसलं होतं (१९९७): शिक्षक सर्वाधिक वापरतात ती हीच, स्वतःच बरोबर वाक्य बोलून केलेली दुरुस्ती, आणि मुलांचा प्रतिसाद सगळ्यात कमी तिलाच.

शिवाय प्रश्न कायम सरच विचारणार. ग्योथे या जर्मन संस्थेच्या ए१ तोंडी परीक्षेत शब्दाचं कार्ड हातात येतं आणि सोबतच्या परीक्षार्थीला प्रश्न आपणच विचारायचा असतो. मॅडम हे रोज करून घ्यायच्या, त्यामुळे पास व्हायला लागणाऱ्या ६० टक्क्यांची धास्ती वाटली नाही.

ऑनलाइन बॅच घेऊच नका. सगळे कॅमेरे बंद, आणि सर आपले ‘ऐकू येतंय ना?’ करत बसतात. पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर हेच सर वेगळे माणूस आहेत. वर्गात तोंड न उघडणारी मुलं रात्री अकराला तिथे मराठीत शंका टाकतात, आणि सर व्हॉइस नोट पाठवून शांतपणे समजावतात.

डेमो लेक्चरला बसाल तेव्हा शिकवणाऱ्याकडे कमी आणि मागच्या बाकांकडे जास्त बघा. बी१ मॅडम घेणार आहेत का, हे मी ऑफिसात विचारून ठेवलंय. नसतील तर दुसरा क्लास बघेन.