आधी लेथ की आधी मिलिंग? घरच्या वर्कशॉपसाठी पहिले यंत्र निवडताना

कानस, व्हाइस, बेंच ग्राइंडर आणि ड्रिल मशीन एवढ्यावर धातुकामाचा छंद काही वर्षे चालवल्यानंतर पुढचे यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न बहुतेकांसमोर उभा राहतो. पैसा आणि जागा सहसा एकाच यंत्रापुरती असते, आणि ते यंत्र लेथ असावे की मिलिंग मशीन, यावर अनुभवी मंडळींचेही एकमत नसते. आपल्याकडच्या परिस्थितीत बहुतेकांनी आधी लेथ घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र ‘लेथ ही सर्व यंत्रांची जननी आहे’ हे नेहमी सांगितले जाणारे कारण मला पुरेसे वाटत नाही. खरे कारण घराबाहेर आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

लेथवर जॉब (म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा) फिरतो आणि टूल स्थिर राहून सरकते, तर मिलिंगवर कटर फिरतो आणि टेबलावर बांधलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. त्यामुळे लेथकडून स्वाभाविकपणे गोल वस्तू मिळतात, म्हणजे शाफ्ट, बुश, पुली, पिस्टन, आटे पाडलेला दांडा, आणि मिलिंगकडून सपाट व चौकोनी, म्हणजे ब्रॅकेट, स्लॉट, कीवे (चावीपट्टी बसवायची खाच), काटकोनातले ठोकळे, ठरावीक अंतरावरच्या भोकांच्या रांगा. एवढे सर्वांनाच माहीत असते. कमी लक्षात येणारा फरक मापाचा आहे. लेथवर व्यास एकाच अक्षाभोवती तयार होतो, आणि एकाच बांधणीत, म्हणजे जॉब मध्ये न सोडता कातलेले दोन व्यास आपोआप समकेंद्री असतात. मिलिंगवर मात्र प्रत्येक पृष्ठभागाचा दुसऱ्याशी असलेला संबंध माणसाला स्वतः साधावा लागतो, म्हणून ठोकळा सहा बाजूंनी काटकोनात आणणे हे नवशिक्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी वेळखाऊ काम आहे.

दोन्ही यंत्रांची तुलना एखाद्या प्रत्यक्ष वस्तूवरून केलेली बरी. छोट्या वाफेच्या इंजिनांच्या छंदात स्टुअर्ट कंपनीचे ‘१० व्ही’ हे उभे इंजिन जगभर ओळखीचे आहे. त्याचा सिलिंडर पाऊण इंच व्यासाचा आणि स्ट्रोकही पाऊण इंचाचा. ओतीव भागांचा संच घेऊन ते घरी पूर्ण करायचे असते. त्यातला सिलिंडर बोअर करणे (आतून मापात कातणे), त्याची झाकणे, पिस्टन, पिस्टन रॉड, क्रँकशाफ्ट, एक्सेंट्रिक (व्हॉल्व्ह हलवणारी, केंद्र बाजूला असलेली चकती) आणि फ्लायव्हील ही सगळी लेथची कामे आहेत. व्हॉल्व्ह बसतो तो सपाट पृष्ठभाग, वाफेचे पोर्ट आणि बैठकीची पट्टी ही मिलिंगची कामे म्हणता येतील. पण सपाट पृष्ठभाग फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) धरून लेथवर फेस, म्हणजे समोरून सपाट, करता येतो, पोर्टसाठी ओळीने भोके पाडून छिन्नीने साफ करता येते आणि बैठक कानशीने सारखी करता येते. घरात मिलिंग मशीन नसलेल्या पिढ्यांनी अशी इंजिने पूर्ण केली आहेत. उलट प्रयोग करून पाहिला, म्हणजे हेच इंजिन केवळ मिलिंगवर करायचे ठरवले, तर बोअरिंग हेड लावून सिलिंडर होईल, परंतु क्रँकशाफ्ट आणि पिस्टन यांच्यापाशी गाडी अडेल.

याच्या उलटची उदाहरणेही आहेत. ज्याला दुर्बिणीचे माउंट, कॅमेऱ्याची स्लाइड, इलेक्ट्रॉनिक्सच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या, जिग-फिक्श्चर किंवा डिव्हायडिंग हेड (जॉब ठरावीक कोनांनी फिरवणारे साधन) लावून घड्याळाची आणि छोट्या यंत्रांची दंतचक्रे कापायची आहेत, त्याने लेथ आधी घेतले तर ते बराच काळ धूळ खात पडेल. अशा माणसाने मिलिंगच घ्यावे. निर्णयापूर्वी पुढच्या वर्षभरात खरोखर करायच्या वस्तूंची यादी कागदावर मांडावी आणि प्रत्येकीतले गोल भाग व चौकोनी भाग मोजावेत. ‘कधीतरी लागेल’ अशा वस्तू त्या यादीत धरू नयेत.

परदेशी व्हिडिओंवरून सल्ला घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील छंदिष्टांपैकी एक वर्ग रायफलचे रिसीव्हर (यंत्रणा बसते तो मुख्य सांगाडा) घरी बनवणाऱ्यांचा आहे, आणि ते काम पेटीसारख्या आकाराचे असल्यामुळे त्या वर्गाच्या सल्ल्यात मिलिंग मशीनला पहिला मान मिळतो. तसा या यंत्राचा वंशच बंदुकांच्या कारखान्यांतला आहे: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शस्त्रशाळांत एकाच मापाचे, अदलाबदल करता येतील असे भाग हवे होते आणि हाताने कानस मारून ते साधत नव्हते, त्या गरजेतून मिलिंग मशीन आकाराला आले. परंतु भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रे बनवता येत नाहीत, आणि त्या कायद्यातील ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्रांचे सुटे भागही येतात. म्हणजे छंद म्हणून तो मार्ग आपल्याकडे बंद आहे, आणि त्या मार्गासाठी दिलेला यंत्रनिवडीचा सल्लाही आपल्या कामाचा नाही.

आता यंत्रांच्या ताकदीविषयी. बाजारात छंदिष्टांसाठी येणारे चिनी बनावटीचे छोटे लेथ साधारण ७ इंच स्विंगचे (म्हणजे फार तर तेवढ्या व्यासाचा जॉब बेडवर फिरू शकेल असे) असते आणि दोन माणसे ते उचलून बाकावर ठेवू शकतात. त्याच वर्गातले छोटे मिलिंग मशीन त्याहून थोडे जड असते. दोन्ही यंत्रांत कमी वेगावर मोटरची ताकद कमी पडते, परंतु तो दोष दोन्हीकडे सारखा जाणवत नाही. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील मिनिटाला ३० मीटर वेगाने कापायचे धरले, तर २५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याला मिनिटाला सुमारे ३८० फेरे लागतात, आणि १०० मिलिमीटरच्या फ्लायव्हीलला सुमारे ९५. मिलिंगवर १० मिलिमीटरच्या एंडमिलला (दांड्यासारख्या कटरला) मिनिटाला २५ मीटर धरले तरी सुमारे ८०० फेरे चालतात. म्हणजे मोठ्या व्यासाचे काम करणारा छोट्या लेथवर लवकर अडखळतो, तर छोट्या मिलिंगवर छोटे कटर वापरणाऱ्याला मोटरची उणीव फारशी भासत नाही. तिथे उणीव भासते ती कणखरपणाची. कॉलम (कटरचे हेड धरणारा उभा खांब) किंचित लवतो, कटर थरथरतो आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात.

लेथवर हाच कमकुवतपणा पार्टिंग करताना उघडा पडतो. दांड्याचा तुकडा कापून वेगळा करण्यासाठी पातळ ब्लेड आत शिरते, काही मिलिमीटर सरळ जाते, मग किंकाळीसारखा आवाज येतो आणि ब्लेड जॉबखाली ओढले जाते. यावर उपाय आहेत: स्लाइडच्या गिब (ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) आवळाव्यात, सॅडल (टूल वाहून नेणारा सरकता भाग) लॉक करावे, ब्लेड चकच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यावे, वेग निम्म्यावर आणावा आणि फीड (ब्लेड पुढे सरकवणे) न घाबरता सलग द्यावे, कारण भीतभीत दिलेल्या फीडने ब्लेड कापण्याऐवजी घासते. तरीही जमले नाही तर हॅकसॉ आहेच. लेथवर चुकले की बहुधा जॉब आणि ब्लेड जाते. मिलिंगवर बांधणी सैल राहिली, तर जॉब व्हाइसमधून उडतो. नवशिक्याच्या दृष्टीने दोन्ही यंत्रे धोक्याचीच आहेत, आणि लेथवरचा सर्वांत मोठा धोका चकमध्ये विसरलेली चावी आणि सैल बाही हाच आहे. हातमोजे, अंगठी, ओढणी, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही अंगावर असता कामा नये.

खर्चाचा विचार करताना यंत्राची किंमत ही निम्मीच गोष्ट असते. लेथचा संसार तुलनेने थोडक्यात मांडता येतो: थ्री-जॉ आणि फोर-जॉ चक, ड्रिल चक, सेंटर, बोअरिंग बार आणि हायस्पीड स्टीलचे काही बिट. हे बिट ग्राइंडरवर स्वतः घासून हवा तो आकार देता येतो, त्यामुळे एकच बिट वर्षानुवर्षे पुरतो. मिलिंगची गोष्ट वेगळी आहे. चांगला व्हाइस, पॅरलल, क्लॅम्पचा संच, कॉलेट चक आणि कॉलेट (कटर गच्च धरणाऱ्या चिरलेल्या नळ्या), वेगवेगळ्या मापांचे एंडमिल, एज फाइंडर, स्टँडसह डायल गेज, आणि पुढे रोटरी टेबल, अशी यादी लांबतच जाते. एंडमिल बोथट झाला की घरी धार लावणे जवळपास अशक्य, म्हणजे तो नेहमीचा खर्च. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर अर्धा दिवस फिरले तर हा फरक खिशाला कळतो.

नवे छोटे यंत्र घ्यावे की जुने मोठे, हा पोटप्रश्न दोन्हींना लागू आहे, पण उत्तर सारखे नाही. राजकोट किंवा बटाल्याच्या बनावटीचे जुने साडेचार फुटी लेथ आपल्याकडे अजूनही सहज मिळते, कारण लहान कारखान्यांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली आहेत. बिडाच्या जड बेडमुळे (लेथच्या आडव्या पायामुळे) त्यावर कापणे सुखाचे असते, पण त्याला तळमजला आणि पक्की जमीन हवी. मोटर थ्री-फेज असेल तर घरच्या सिंगल-फेजवर चालवण्यासाठी व्हीएफडी (सिंगल-फेजवरून थ्री-फेज वीज देणारे उपकरण) लावावा लागतो, आणि त्यासाठी मोटर २२०-२३० व्होल्टला डेल्टामध्ये जोडता येते का, हे तिच्या नेमप्लेटवर आधी पाहावे. जुन्या लेथची परीक्षा रंगावरून करू नये. बेड सर्वांत जास्त झिजतो तो चकजवळ. म्हणून सॅडल चकजवळ आणून त्याची गिब घट्ट पण फिरेल अशी बसवावी आणि मग सॅडल टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाकडे) न्यावे. वाटेत ते जखडले, तर झीज किती आहे याचा अंदाज विकणाऱ्याच्या देखत मिळतो. जुने मिलिंग मशीन मात्र छंदिष्टाच्या आवाक्यातल्या आकारात क्वचित मिळते. जी मिळतात ती बहुधा कारखान्याची धूड असतात. मिळालेच, तर टेबलाच्या हँडलचा प्ले (ढिलाई) मध्यभागी आणि दोन्ही टोकांना, असा तीन ठिकाणी मोजावा, कारण स्क्रू मध्येच जास्त झिजलेला असतो. प्ले फार असेल तर कटर टेबलाला स्वतःकडे ओढून घेतो, आणि त्यात कटर तुटतो.

नवे छोटे मिलिंग घेताना कॉलमकडे पाहावे. गोल कॉलमच्या यंत्रात हेड वर-खाली केले की ते आडवेही फिरते आणि आधी साधलेली जागा हरवते. एंडमिलने काम करून त्याच जागी लांब ड्रिल लावायचे असेल, तर ही मोठी डोकेदुखी आहे. डव्हटेलचा चौकोनी कॉलम घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. स्पिंडलचा टेपर (कटरचा धारक बसतो तो निमुळता खळगा) आर-८ असेल तर उत्तम. ब्रिजपोर्ट या मिलिंग यंत्रांमुळे रूढ झालेला हा टेपर सहज सुटतो, तर मोर्स टेपर ड्रॉबारवर (धारक वरून ओढून धरणाऱ्या दांड्यावर) हातोडीचा ठोका दिल्याशिवाय सुटत नाही, आणि तो ठोका दर वेळी स्पिंडलच्या बेअरिंगला बसतो.

एका यंत्रावर दुसऱ्याचे काम भागवण्याचे तीन मार्ग सुचवले जातात. लेथच्या क्रॉस स्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड बसवून चकच्या जागी कॉलेटमध्ये एंडमिल धरणे, हा जुना आणि प्रामाणिक मार्ग आहे. काम छोटे आणि संथ असते, पण होते. ड्रिल मशीनखाली कंपाउंड टेबल ठेवून मिलिंग करणे, हा आपल्याकडे फार लोकप्रिय असलेला मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. ड्रिल चक टेपरवर केवळ खालून येणाऱ्या दाबाने टिकून राहतो. बाजूचा दाब आणि थरथर मिळाली की तो फिरता फिरता गळून पडू शकतो. तिसरा मार्ग लेथ आणि मिलिंग एकाच बेडवर असलेल्या कॉम्बो यंत्राचा. जाहिरातीत ते जागा वाचवते. प्रत्यक्षात एका कामाची बांधणी मोडल्याशिवाय दुसरे काम सुरू करता येत नाही, आणि मिलिंगचे हेड सहसा अपुरे असते. खोली खरोखरच एका टेबलापुरती असेल, तरच त्याचा विचार करावा.

आता ते घराबाहेरचे कारण. कोल्हापूरचे उद्यमनगर, पुण्याची भोसरी, नाशिकचे सातपूर-अंबड अशा ठिकाणी जॉबवर्क करणारी छोटी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. मिलिंगचे काम बाहेर देणे सोपे असते: चित्र काढा, मापे आणि त्यांत किती फरक चालेल ते लिहा, चार-पाच भाग एकत्र जमवून द्या, दोन दिवसांनी घेऊन या. लेथच्या कामाचे तसे होत नाही. बुश शाफ्टवर बसवून पाहायचा, घट्ट वाटला तर शतांश मिलिमीटरचा एक हलका कट घ्यायचा, पुन्हा बसवायचा, अशी ये-जा छंदाच्या कामात सतत चालते. त्यासाठी प्रत्येक वेळी स्कूटर काढून वर्कशॉप गाठणे कोणालाही परवडत नाही. शिवाय एकटा-दुकटा बुश करून द्यायला जॉबवर्कवाला फारसा राजी नसतो. जे काम बाहेर देता येत नाही ते घरात असावे, हा माझा लेथच्या बाजूचा मुख्य मुद्दा आहे. म्हणूनच, आसपास औद्योगिक वसाहत नसलेल्या गावात राहणाऱ्याला किंवा अमेरिका-युरोपात एकेका भागाचे मशिनिंग फार महाग पडते तिथल्या मराठी माणसाला माझा सल्ला जसाच्या तसा लागू पडणार नाही. त्यांनी वर सांगितलेली यादी मोजावी आणि गोल-चौकोनी भाग जवळपास निम्मे-निम्मे निघाले तर पैसे साठवून दोन्ही छोटी यंत्रे सहा-आठ महिन्यांच्या अंतराने घ्यावीत.

लेथ घ्यायचे ठरले, तर पहिल्या दिवशी चकमध्ये २५ मिलिमीटरचा ब्राइट बार टेलस्टॉकचा आधार न देता १०० मिलिमीटर बाहेर काढून धरावा, दोन टोकांना हलका कट घ्यावा आणि मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजावेत. ते दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत जुळत नसतील, तर हेडस्टॉकला (चक फिरवणाऱ्या भागाला) हात लावण्यापूर्वी यंत्राखालचा बाक समतल आहे का, ते तपासावे. बहुतेक वेळा बेडला आलेला पीळ बाकामुळेच असतो, आणि पायाखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घालून तो निघतो. विकणाऱ्याला द्यायचा पैशांचा शेवटचा हप्ता ही चाचणी होईपर्यंत राखून ठेवता आला, तर अवश्य ठेवावा.