मालवणच्या हिरव्या पाण्यासाठी कॅमेरा: ॲक्शन कॅमेरा, ऑलिंपस टीजी की फोनचं पाऊच?

तारकर्ली-मालवणला डायव्हिंग शिकलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कुठला घेऊ? नेटवर जी उत्तरं मिळतात, ती बहुतेक मालदीव किंवा लाल समुद्राच्या निळ्याशार पाण्यात वापरून बघितलेल्यांची असतात. आपल्याकडे ती चालत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती चांगल्या दिवशी सहा-आठ मीटर दिसतं, वाईट दिवशी दोन मीटरवरचा जोडीदारही पुसट होतो, आणि पाण्याचा रंग निळा नसतो, हिरवा असतो. अशा पाण्यात मेगापिक्सेल आणि ८के यांना फारशी किंमत नाही. समोरचं जितकं जवळ घेता येईल आणि त्याच्यावर जितका नीट उजेड पाडता येईल, तितका फोटो चांगला. पैसे त्यावरच घालायचे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. तुम्ही फक्त पर्यटकांसाठीचं ट्राय डाइव्ह करणार असाल तर काहीही विकत घेऊ नका. त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो, आणि बहुतेक ठिकाणी व्हिडिओ पॅकेजमध्येच धरलेला असतो किंवा थोडे जादा पैसे देऊन मिळतो. तुमच्या हातात काठीला लावलेला कॅमेरा असला की तुम्ही कान मोकळे करायला विसरता आणि इन्स्ट्रक्टरच्या खुणांकडे दुर्लक्ष होतं. पुढचं सगळं आहे ते ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं सर्टिफिकेट घेतलेल्यांसाठी, आणि त्यातही तळाला न टेकता, हात न मारता एका जागी तरंगता येणाऱ्यांसाठी. ही बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगण्याचा तोल, जमेपर्यंत कॅमेरा खोलीवरच राहू द्या. एका हातात कॅमेरा धरून तोल सावरताना दुसरा हात हमखास प्रवाळावर पडतो. हे मालवण सागरी अभयारण्याचं पाणी आहे, १९८७ पासून. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

फोनचं प्लास्टिक पाऊच पहिल्या फटक्यात बाद. होडीत बसून फोन भिजू नये म्हणून ते ठीक आहे. पाण्याखाली टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही. पाच मीटरवर आतली हवा आक्रसते आणि प्लास्टिक लेन्सला आणि बटणांना चिकटतं. फोनचं आयपी ६८ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्याच्या चाचणीवर दिलेलं असतं. खारं पाणी चार्जिंगच्या खाचेत गेलं की गंज धरतो, आणि पाण्याने झालेलं नुकसान कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. फोनसाठी कडक कवचाचे खरे हाउसिंगही मिळतात आणि ते चांगले असतात, पण त्या किमतीत स्वतंत्र कॅमेरा येतो आणि फोनही वाचतो.

मग खरी निवड दोनातच उरते.

पहिला पर्याय ॲक्शन कॅमेरा. यात कोकणासाठी आमची पसंती डीजेआय ऑस्मो ॲक्शन ४ ला. त्याच्यानंतर ॲक्शन ५ प्रो आला, म्हणून जुना स्वस्तात मिळत असेल तर जुनाच घ्या. ॲक्शन ४ केसशिवाय, म्हणजे वरच्या पाणबंद कवचाशिवाय, १८ मीटरपर्यंत चालतो, ५ प्रो २० मीटरपर्यंत. गोप्रो हिरो १२ ची मर्यादा १० मीटर. तिघांच्याही केस ६० मीटरच्या. दुसरं म्हणजे ॲक्शन ४ चा सेन्सर हिरो १२ पेक्षा मोठा आहे, आणि आपल्या मंद उजेडात तो फरक दिसतो. तिसरी गोष्ट, समोरच्या उजेडाचा रंग मोजणारा वेगळा सेन्सर त्याच्यात आहे, त्यामुळे कमी खोलीवर रंग बरेच सावरलेले येतात. भारतात हे कॅमेरे अनेकदा आयात केलेले विकले जातात, तेव्हा बिल आणि वॉरंटी कोण देणार हे आधी विचारा. वापरलेला गोप्रो स्वस्तात मिळत असेल तरी चालेल. हिरो ९ ते हिरो १२ यांची बॉडी एकाच मापाची आहे, म्हणून केस आणि फिल्टर सहज मिळतात.

कॅमेरा १८ मीटर सोसतो, मग केस कशाला? कारण कॅमेऱ्याची स्वतःची मर्यादा ही दुसरी भिंत म्हणून ठेवायची. किल्ल्याभोवतीची बरीचशी डाइव्ह दहा-बारा मीटरच्या आतच असतात. तिथे केसमध्ये पाणी शिरलं तरी ॲक्शन ४ आत शाबूत राहतो. मात्र आतल्या बॅटरीचं आणि यूएसबीचं दार पूर्ण बंद हवं. लॉक नीट बसला नाही तर नारिंगी खूण दिसते. ती दिसेनाशी झाली की मगच केसमध्ये ठेवा.

ॲक्शन कॅमेऱ्याची मोठी उणीव म्हणजे जवळचं दिसत नाही. फोकस ठरावीक असतो आणि साधारण ३० सेंटिमीटरच्या आत आलेली वस्तू धूसर येते. कोकणातल्या पाण्यात बघण्यासारखं बरंच काही बोटभर लांबीचं असतं: खडकाच्या कपारीतले झिंगे, समुद्री गोगलगायी, ॲनिमोनच्या बोटांत दडलेले मासे. ते टिपायचं असेल तर केसवर चढवायचं मॅक्रो लेन्स वेगळं घ्यावं लागतं.

इथे दुसरा पर्याय पुढे येतो: ऑलिंपस टीजी ६, किंवा २०२३ मध्ये ओएम सिस्टीम या नावाने आलेला टीजी ७. दोघांत फरक इतका थोडा आहे की कमी किमतीत मिळेल तो घ्यावा. दोन्ही हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत आणि पीटी-०५९ या हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत चालतात. मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, मिळते, त्यामुळे घरी आल्यावर रंग सुधारायला खरा वाव राहतो. फोटोसाठी, त्यातही बारीक जिवांच्या फोटोसाठी, या किमतीत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. व्हिडिओत मात्र तो मागे पडतो. रुंद दृश्यही ॲक्शन कॅमेऱ्याइतकं मिळत नाही. म्हणजे सोबत्यांचे, कासवाचे, किल्ल्याच्या बाजूच्या खडकांचे व्हिडिओ हवे असतील तर ॲक्शन ४, आणि एका दगडासमोर वीस मिनिटं घालवायचा स्वभाव असेल तर टीजी.

आता उजेड. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पाणी लाल रंग आधी गिळतं. पाचेक मीटरवरच त्याचा मोठा भाग गेलेला असतो. बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी दहा मीटरवर करडी-हिरवट दिसते. त्यावर लोक लाल फिल्टर घेतात. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो. हिरव्या पाण्याला मजेंटा, म्हणजे राणी रंगाकडे झुकणारा फिल्टर लागतो. तरीही फिल्टर गेलेला लाल परत आणत नाही, तो फक्त हिरवा कापतो आणि त्यात बराच उजेड खातो. डिसेंबर-जानेवारीतल्या भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, पाच ते दहा मीटरवर मजेंटा चांगलं काम देतो. ढगाळ दिवशी किंवा गढूळ पाण्यात त्याने चित्र काळवंडतं आणि दाणेदार होतं. तेव्हा तो काढून ठेवा. दिवा लावणार असाल तरीही काढा, नाहीतर सगळे मासे गुलाबी येतील.

दिवाच घ्या. पन्नास हजारांची मर्यादा धरली तर कॅमेरा आणि केस मिळून पस्तीसच्या वर जाऊ नका, बाकी दिव्यासाठी आणि हँडलच्या ट्रेसाठी राखून ठेवा. दिवा व्हिडिओचा हवा: झोत १०० अंश किंवा त्याहून रुंद, दोन ते अडीच हजार लुमेन, रंग ५००० ते ५६०० केल्विन. हे काम डाइव्ह टॉर्चचं नाही. तिचा झोत अरुंद असतो, मधे पांढरा डाग पडतो आणि कडेला अंधार राहतो. दोन ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) असलेला दिवा बघा, आणि आतल्या १८६५० किंवा २१७०० मापाच्या लिथियम सेल चांगल्या कंपनीच्या घ्या. बरेच जास्त लुमेनचे दिवे पाण्यानेच थंड राहतात, म्हणून ते होडीत पूर्ण झोतावर लावून बघू नका. चिपी विमानतळावर विमानाने येणार असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, प्रत्येक सेल आपापल्या डबीत.

दिवा लेन्सला खेटून लावला की पाण्यातला कण न् कण चमकतो. आंबोली घाटात धुक्यात हेडलाइट अप्पर मारल्यावर जी पांढरी भिंत दिसते, तीच इथे फोटोत येते. उपाय सोपा आहे. ट्रेच्या एका बाजूला दिव्याचा दांडा बसवा, दिवा लेन्सपासून निदान २५-३० सेंटिमीटर बाजूला आणि थोडा मागे न्या, आणि झोत सरळ माशावर न टाकता किंचित बाहेरच्या बाजूला वळवा. माशावर झोताची फक्त कड पडू द्या. त्यामुळे लेन्स आणि मासा यांच्यामधलं पाणी अंधारात राहतं आणि कण दिसत नाहीत. हेही लक्षात ठेवा की दिव्याने रंग येतात ते मीटरभराच्या आतच. त्यापलीकडे दिवा लावून फक्त गाळ उजळतो. दिसत असेल त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा लांबून फोटो काढू नका. पाच मीटर दिसतंय तर एक मीटर. किल्ल्याच्या बाजूचा तळ बराचसा वाळूचा आहे, तेव्हा पायातले फिन खाली न आपटता बेडकासारखे बाजूला मारा, नाहीतर तुमच्या मागून येणाऱ्याला काहीच दिसणार नाही.

सेटिंगमध्ये फार डोकं घालू नका. ॲक्शन कॅमेऱ्यावर ४के, ३० फ्रेम, आयएसओची (सेन्सरच्या उजेड-संवेदनशीलतेची) वरची मर्यादा ८००, एक्स्पोजर थोडं खाली. दिवा असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) ५५०० केल्विनवर बांधून टाका. अंधारलेल्या पाण्यात स्टॅबिलायझेशन कमी करा किंवा बंद ठेवा, कारण शटर मंदावलं की त्याने चित्र फरफटल्यासारखं येतं. स्वतः दहा सेकंद स्थिर राहा. मेमरी कार्ड व्ही३० वेगाचं, १२८ जीबीचं. १०० एमबीपीएसवर तासाला सुमारे ४५ जीबी भरतात, म्हणजे दोन डाइव्हना एक कार्ड पुरतं. बॅटरीही दोन्हींना पुरेल असं बघा, मधे बंद करत जा. होडीत केस उघडायची वेळच येता कामा नये.

केसमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक वेळा किनाऱ्यावर झालेल्या हलगर्जीमुळे. ओ-रिंगवर आडवा पडलेला डोक्याचा एक केस किंवा वाळूचा एक कण पुरेसा असतो. रिंग बोटांनी दाबून फुगवटा आणा आणि काढा, पिन किंवा सुरी लावू नका. खाच कोरड्या कापडाने पुसा. रिंग दोन बोटांतून सरकवत तपासा, कण लागला तर बोटाला कळतो. सिलिकॉन ग्रीस इतकंच लावा की रिंग चकचकीत दिसेल. थर दिसला तर जास्त झालं, आणि त्याच थरावर वाळू बसते. नवीन केस पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून खाली न्या. गळती बहुतेक वेळा पहिल्या दोन मीटरमध्येच होते, कारण तिथे रिंग दाबून धरायला पाण्याचा दाब कमी असतो. म्हणून उतरल्या उतरल्या केस डोळ्यांसमोर धरून बुडबुड्यांची रेघ निघते का ते बघा. निघाली तर काच खाली धरून नेहमीच्याच वेगाने वर या. कॅमेऱ्यासाठी कधीही झपाट्याने वर यायचं नाही.

दुसरा शत्रू वाफ. कोकणातल्या दमट हवेत दुपारी केस बंद केली की ती हवा आत अडकते, कॅमेरा तापतो, पाणी थंड लागतं आणि काच आतून धुक्याने भरते. सकाळी लवकर, शक्य तर एसी लावलेल्या खोलीत, पंखा बंद करून केस बंद करा आणि ओलावा शोषणाऱ्या ताज्या सिलिका पट्ट्या घाला. होडीत उन्हात ठेवू नका, ओल्या टॉवेलखाली ठेवा. परत आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबत राहा. मीठ बटणांच्या दांड्यांपाशी साचतं आणि पुढच्या वेळी बटण अडकतं. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय केस उघडायची नाही.

तारीख निवडताना सुट्टीइतकंच तिथीकडेही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जास्त ढवळतं, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला शांत असतं. देवबागच्या बाजूला ओहोटीला कर्ली नदीचं पाणी बाहेर पडतं, तेव्हा भरती पूर्ण होत आलेली वेळ धरा. निवतीसमोरच्या समुद्रातल्या खडकांकडे, म्हणजे निवती रॉक्सकडे, पाणी खोल आणि बहुतेक वेळा जास्त स्वच्छ. रुंद दृश्यं तिथे जमतात, पण तिथला ओढाही जास्त, म्हणून कॅमेरा गुंडाळीच्या दोरीने बीसीडीच्या (तरंगण्याच्या जॅकेटच्या) डी-रिंगला अडकवलेला हवा.

वापरलेला टीजी घेताना दारांच्या कडेची रबर पट्टी भिंगाखाली बघा. चीर किंवा पांढरी पूड दिसली तर सोडून द्या. लेन्सच्या आत डाग आहे का, बॅटरीच्या पितळी टोकांना हिरवट गंज आहे का, हेही तपासा. ही पट्टी कंपनी वर्षातून एकदा बदलायला सांगते. पावसाळ्यात डाइव्ह बंद असतात, तेव्हाच ते काम करून घ्या, आणि पावसाळाभर केस बंद न ठेवता रिंग काढून सिलिका घातलेल्या डब्यात ठेवा.